कासवांची एकादशी

आमच्या घरात एकादशीला कासवांनाही उपास असे. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि पुष्कळ जण हसले आहेत. हसू नका असं मी म्हणत नाही; ऐकायला ते गमतीचंच आहे. बारामतीतल्या नव्या बंगल्याचा हॉल, हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी, टाकीत हिरव्यागार पाणवनस्पती, त्यांच्यामध्ये बशीएवढी दोन मऊ पाठीची कासवं, आणि तात्या, म्हणजे माझे वडील, अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून पाण्यात चमचाभर साबुदाण्याची खिचडी सोडताहेत. शेंगदाण्याचं कूट वर तरंगायचं, साबुदाणे एकेक करून तळाला जायचे. कासवं नाक वर काढून श्वास घ्यायची आणि परत खाली जायची. तात्या हात जोडून म्हणायचे, "बघ कशी शांत हायती. उपास पाळत्यात." ती शांत नव्हती, उपाशी होती. या दोन गोष्टींतला फरक ओळखायची त्या घरात कुणाची तयारी नव्हती, आणि त्याचा जो राग मला सोळाव्या वर्षी आला, तो आज पन्नाशी उलटली तरी तसाच येतो.

तात्या माळकरी होते. मूळचे आम्ही सणसरचे. ऊस गावाकडं आणि खतं-औषधांचं दुकान बारामतीत. दुकानात कुणी शेतकरी आला, की तात्या आधी विचारत, "पीक काय हाय?" डाळिंब म्हटलं तर वेगळी गोणी, ऊस म्हटलं तर वेगळी, वांगी म्हटलं तर पुन्हा चार प्रश्न. "मी माणूस बघून औषध देत न्हाय, पीक बघून देतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दुकानातला तो उग्र वास त्यांच्या सदऱ्याला कायम असायचा आणि त्यावर घरात उदबत्तीचा वास चढायचा. आई पळसदेवची. लहानपणी नदीतली मासळी खाऊन वाढलेली, पण लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिच्या गळ्यात माळ घातली गेली. घातली गेली असंच म्हणते, कारण तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात मासळी, मटण, अंडं यांतलं काही आलं नाही. बाकी जेवणाची चंगळ असे. एकादशीला तर विशेषच: भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. आई पहाटेपासून ओट्याशी उभी असायची आणि तिचा उपास मात्र खराखुरा, पाण्यावरचा.

बंगला बांधताना वास्तू बघणारे एक गुरुजी आले आणि म्हणाले, उत्तरेला जिवंत कासव ठेवा, घरात लक्ष्मी टिकेल. झालं. पुण्याहून टाकी आली, हवेचा पंप आला, पिशवीत बांधलेल्या वनस्पती आल्या, आणि तळाला घालायला निळे-पिवळे काचेचे खडे आले. कासव मात्र पुण्याचं नको, आपल्या पाण्यातलंच हवं, असा तात्यांचा हट्ट. म्हणून पळसदेवला किसन आबांना निरोप गेला. किसन आबा आईच्या माहेरच्या शेजारचे, आधी नदीत आणि धरण झाल्यावर उजनीत जाळी टाकणारे. काठालगत लावलेल्या जाळ्यात आलेली दोन पिल्लं त्यांनी प्लास्टिकच्या बादलीतून आणली, ती कुरकुरतच. "माज्या गावच्या लेकीनं निरोप धाडला म्हनून आलो," ते म्हणाले. "पर तात्या, ह्ये मासं खानारं जनावर हाय. तुमच्या घरात ह्येचं कसं भागायचं?"

तात्या हसले. "आबा, आमच्या उंबऱ्याच्या आत आलं म्हंजे ते माळकरीच झालं की."

आबा हसले नाहीत. बादली खाली ठेवून, चहा न घेता गेले. अशी रानातली, नदीतली कासवं घरात ठेवणं हा गुन्हा आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तात्यांनी त्या माणसाला पेढा देऊन वाटेला लावलं असतं.

वास्तुशांतीच्या दिवशी दोनशे पान उठलं आणि जो जेवून उठला तो टाकीपाशी आला. बायकांनी पाण्यात हळद-कुंकू सोडलं. कुणी अक्षता टाकल्या, कुणी नाणं, कुणी अर्धा पेढा. माझी एक चुलती तर पुरणाचा गोळा घेऊन आली. पिल्लं वनस्पतींच्या मुळाशी दडून बसली होती. त्यांची पाठ हिरवट होती, तिच्यावर डोळ्यांसारखे चार ठिपके, कडा भाकरीच्या पापुद्र्याइतकी लवचीक, आणि पुढं नळीसारखं बारीक नाक. लपायला म्हणून ती खडे उकरू बघत होती आणि खडे हलत नव्हते. तात्यांनी त्यांची नावं लक्ष्मी आणि नारायण ठेवली. मी ती नावं कधी घेतली नाहीत. मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणायची.

दहा दिवस त्यांना भात, दूध-पोळी आणि पेढा मिळाला. पाणी गढूळ झालं, वास मारायला लागलं. आई रोज दुपारी बादल्या भरून ते बदलायची आणि तात्या रोज सकाळी पुन्हा भात टाकायचे. पोटाखालच्या त्या नाजूक कातडीला खड्यांनी ओरखडे पडले. धाकट्याच्या मानेवर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसायला लागलं. हात दिसला, की दोघंही काचेपाशी यायची, मान लांब करायची, आणि हातातनं पुन्हा भातच पडला, की तोंड फिरवायची. हे मला बघवेना. अकरावीचा तास बुडवून मी भिगवणची एसटी पकडली, तिथून दुसऱ्या गाडीनं पळसदेव गाठलं आणि किसन आबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

आबा जाळं शिवत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग जे भडकले ते थांबेचनात. "म्हायती हुतं मला! देवाच्या नावानं उपाशी मारत्यात मुकं जनावर!" त्यांच्या कारभारणीनं मला बाजरीची भाकरी आणि खर्डा वाढला, आणि मी जेवत असताना आबांनी मला एकेक गोष्ट बजावून सांगितली. "ते खडं दे फेकून. वाळू पायजे ह्येला, मऊ. वाळूत पुरून घेतं अन् नाकाडं तेवढं भाईर काढतं. पानी लई नगं. तळाला बसून मान लांबवली का नाक वर आलं पायजे, येवढंच. वनस्पती ऱ्हाऊ दे, लपाया आडोसा हुतो, पर मुळाला दगुड बांध, न्हायतर रोज उपटून टाकंल. अन् खायाला जित्तं. चिलापी माशाची बारकी पिल्लं, झिंगं, गांडुळं. टाकीत न्हाय घालायचं, येगळ्या घमेल्यात घालायचं, म्हंजी पानी नासत न्हाय." निघताना त्यांनी किटलीत पाणी भरून त्यात वीसेक चिलापीची पिल्लं सोडली आणि नदीकाठची चाळलेली वाळू पिशवीत बांधून दिली. "तुज्या बापाला सांग, त्यो दुकानात बसून जे शानपन शिकिवतो ते घरात बी वापर म्हनावं."

बापाला मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे आज वाटतं. पण तात्यांना काही सांगणं म्हणजे काय, हे ज्यांनी आमच्या घरात दिवस काढले त्यांनाच ठाऊक. मी वाळू घातली आणि खड्यांचा देखावा टाकीमागं मांडला. मासे मागच्या न्हाणीत झाकलेल्या बादलीत ठेवले; तात्या दुकानात गेले, की तिथंच घमेलं ठेवायचं आणि दोघांना त्यात सोडायचं. पहिल्या दिवशी थोरल्यानं चिलापीचं पिल्लू असं काही पटकावलं, की मी दचकून मागं सरले आणि मग एकटीच हसत बसले. इतकी चपळाई त्या मरगळलेल्या जनावरात होती कुठं? धाकटं आधी बिचकलं, मग गांडूळ चोखल्यासारखं ओढून घेतलं. आठवड्याभरात मानेवरचं पांढरं गेलं. दोघं वाळूत अंग पुरून, फक्त नाक आणि डोळे वर ठेवून बसायला लागली. सकाळचा तात्यांचा भात त्यांना न दिसल्यासारखाच, आणि तो मी कॉलेजला जाण्याआधी गाळणीनं काढून टाकायची. तात्या आल्यागेल्याला सांगत, "बघा, आमच्या सात्त्विक अन्नावर कशी बाळसं धरल्यात." तेव्हा माझ्या मस्तकात तिडीक जायची.

आईला कळलं होतं. न्हाणीतून मासळीचा वास लपतो थोडाच, आणि तोही तिच्या नाकाला! एकदा मी हात धूत असताना ती मागून आली, माझ्या हातावर लिंबाची फोड पिळली आणि म्हणाली, "साबनानं जात न्हाय त्यो वास." एवढंच. मला ती त्या दिवशी मैत्रिणीसारखी वाटली. पुढं आठ दिवसांनी तिचाही मला राग आला, तो सांगतेच.

ती एकादशीच होती. संध्याकाळी हॉलमध्ये भजन असे. वार्षिक परीक्षेमुळं सकाळी मला घाई झाली आणि मी घमेल्याचा खटाटोप न करता तीन चिलापी सरळ टाकीत सोडल्या. संध्याकाळपर्यंत संपतील, असा हिशेब. दोन संपल्या. तिसरी झाडांच्या मुळाशी दडून राहिली आणि भजन ऐन रंगात आलं असताना बाहेर आली. टाळ चालू होते, तात्या डोळे मिटून डोलत होते. काचेवर टक् असा आवाज झाला. थोरल्यानं झेप घातली होती, आणि मासळीची शेपटी त्याच्या तोंडाबाहेर वळवळत होती. टाळ एकेक करून थांबले. कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमचा नारायन माळकरी न्हाय वाटतं!" आणि सगळा हॉल हसला.

तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "मी घातले मासे. रोज घालते. म्हणून जगलीत ती." तात्यांनी आईला विचारलं, "तुला म्हायती हुतं?" आई स्वयंपाकघराच्या दारात लाडवांचं ताट घेऊन उभी होती. ती खाली बघत म्हणाली, "न्हाय." मी त्या एका शब्दावर जेवढी रडले, तेवढी तात्यांच्या ओरडण्यावर रडले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपर देऊन आले, तर टाकीतलं पाणी पिवळंधमक. तात्यांनी टाकी शुद्ध केली होती. गोमूत्राची अख्खी बाटली, मूठभर हळद, वर तुळशीची पानं. आणि कासवं आतच. शुद्ध त्यांनाही करायचं होतं ना! पाण्यात काही दिसत नव्हतं. मी बाह्या न सरसावता दोन्ही हात घातले. थोरलं पृष्ठभागाशी धडपडत होतं. धाकटं वनस्पतींखाली सापडलं, मान पूर्ण बाहेर, पाय सैल. मऊ कातडीचं जनावर, ते पाणी त्याच्या अंगात भिनतं; हे न कळायला काही शास्त्र शिकावं लागत नाही. नळाखाली किती वेळ मी त्याला धरून बसले होते! ते हललं नाही.

तात्या दुकानातून आले तेव्हा मी त्यांच्यासमोर धाकट्याला रुमालावर ठेवलं. त्यांचा चेहरा पडला, हे मी नाकारत नाही. "देवाची विच्छा," ते म्हणाले.

"देवाची नाही, तुमची," मी म्हटलं. "डाळिंबाला उसाचं खत घालता का तुमी? कुणी घातलं तर दुकानातनं हाकलून लावाल त्याला. मग याला का नाही विचारलं, पीक काय हाय म्हणून?"

"कासव म्हंजे देवाचा अवतार. त्येला काय डोस असतो व्हय?" आणि त्यांचा हात माझ्या गालावर बसला. त्यांनी मला मारलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या पूजा करून ऱ्हायलेलं एक परत टाकीत सोडायचं. घरातली लक्ष्मी भाईर जायाची न्हाय."

तात्या दुष्ट नव्हते. रोज सकाळी ते त्या टाकीपुढं मनापासून हात जोडत, आणि मला जास्त चीड त्याचीच आहे. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

थोरलं त्या रात्री न्हाणीत घमेल्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पण टाकी धुवायचं निमित्त काढून आईनं दुपार गाठली. तात्या जेवून आडवे झाले. मी स्वयंपाकघरात गेले तर आई माझा कॉलेजचा ॲल्युमिनियमचा डबा पालथा घालून, वरवंट्यानं झाकणाला खिळ्याचं भोक पाडत होती. ठक्, ठक्, सगळ्या घरात आवाज.

"आई, उठतील ते!"

"उठले तर म्हनीन चटनी वाटतीया." तिनं डब्यात ओलं फडकं घातलं, थोरल्याला स्वतःच्या हातानं उचलून आत ठेवलं. माळ घातल्यापासून तिनं असल्या जिवाला हात लावला नव्हता. पदराला हात पुसत म्हणाली, "परवा मी न्हाय म्हनले. मला बोलाया जमलं न्हाय. जा, आबाकडं दे. मी बघते हितलं."

एसटीत डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. थोड्या थोड्या वेळानं आतून नख खरवडल्याचा आवाज यायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. शेजारच्या बाईनं विचारलं, डब्यात काय? मी म्हटलं, लक्ष्मी. ती मला वेडी समजून सरकून बसली. पळसदेवला पाणी खूप खाली गेलं होतं, एरवी पाण्याखाली असणाऱ्या जुन्या देवळाचा कळस आणि भिंती उघड्या पडल्या होत्या. आबा मला ओल्या गाळातनं काठापर्यंत घेऊन गेले. डबा उघडला, तर थोरलं जागचं हलेना. मी हात पुढं केला तसं त्यानं सवयीनं मान लांब केली, माझ्या बोटांत काही आहे का बघितलं. काही नव्हतं. मग पाण्याकडं वळलं, गाळात एकदा रुतलं, सुटलं आणि गेलं.

"रडू नगं," आबा म्हणाले. "येक तरी वाचलं."

"एकच वाचलं," मी म्हटलं.

तात्या माझ्याशी पुढं महिनाभर बोलले नाहीत. आईशीही तुटकच. टाकी मात्र हलली नाही. त्यांनी तिच्यात एक पितळेचं कासव आणून ठेवलं, त्याच वनस्पतींमध्ये, त्याच माझ्या वाळूवर. त्याला रोज हळद-कुंकू, एकादशीला खिचडी. त्याला भूक लागत नाही, ते मासे मागत नाही, चारचौघांत घरच्यांची शोभा करत नाही. तात्यांना हवं होतं तसं कासव शेवटी मिळालं. ते आजही माझ्या धाकट्या भावाच्या हॉलमध्ये आहे, आणि तिथं गेले की मी त्याच्याकडं पाठ करून बसते.

तात्यांच्या शेवटच्या आजारात मी दोन महिने बारामतीत होते. आई तोवर गेली होती. त्यांना अन्न जाईना, हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद उरलेली नाही, अंडं द्या. तात्यांनी गळ्यातली माळ दोन बोटांत धरली आणि मान हलवली. स्वयंपाकघरात भाऊ माझ्या कानाशी लागला, "अक्का, पेजेत फेटून घालू. त्यांना कळायचं न्हाय."

मी अशी काही कडाडले, की तो मागं सरला. "त्यांच्या पोटात काय जायचं ते त्यांनीच ठरवायचं! त्यांना न विचारता एक थेंब घालायचा नाही!"

हे आतल्या खोलीत ऐकू गेलं असावं. मी वाटी घेऊन गेले तेव्हा तात्या माझीच वाट बघत होते. मान उशीवरून उचलून, माझ्या हाताकडं बघत होते. बारीक आवाजात म्हणाले, "शके, तू देतीयास म्हनल्यावर मला भ्या न्हाय."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. काचेपाशी येऊन आमच्या हाताकडं बघणारी ती दोघं आठवली आणि तोच जुना राग आला. मी म्हटलं, "नुसती तांदळाची पेज हाय, तात्या. मीठ घातलंय. दुसरं काय न्हाय." आणि चमचा पुढं केला. वाटीत न बघताच त्यांनी तोंड उघडलं.